मनुबाईच्या फोनातला लाव्हा

आमच्या सासूबाईंना कंग्राळीत मनुबाई म्हणतात, आणि पाठीमागं दुसरंही बरंच काही म्हणतात. मी आत्ती म्हणते. आमच्या भागात सासूला आत्तीच म्हणायचं, मग ती बापाची बहीण असो नसो. तोंडावर मी अहो-जाहो करते, इथं लिहिताना करणार नाही. जिनं स्वतःच्या पोराचा हात मोडला तिला कागदावरसुद्धा मान द्यायचा, इतकी मी चांगली नाही.

ती मारकी आहे. म्हशीला म्हणतात तशी. लग्न होऊन मी कोगनोळीहून या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी अंगणात पाहुणे बसलेले असताना तिनं माझ्या नवऱ्याच्या थोबाडीत मारली. कारण काय, तर पाण्याची मोटर चालू ठेवून तो माझ्याशी बोलत उभा राहिला होता. युवराजच्या अंगाची हळद अजून गेली नव्हती. कारखान्यात लेथवर काम करणारा, अंगापिंडानं भरलेला माणूस गाल चोळत मोटर बंद करायला गेला आणि पाहुणे चहा पीत राहिले. कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही, याचं मला नवल वाटलं.

तिचा नवरा लवकर गेला. मार्कंडेय नदीच्या अंगाला जमीन, पदरात एक पोर, आणि शेजारच्या शेतात दीर. दिरानं नांगरताना बांध कोरायला सुरुवात केली, दर वर्षी थोडा थोडा. भावकीतल्या बायकांनी तिला पंचांकडं जा म्हणून सांगितलं. ती गेली नाही. शाळवाच्या, म्हणजे हिवाळी ज्वारीच्या, राखणीची गोफण तिनं कमरेची सोडली, दगड घातला आणि बांधावर उभ्या असलेल्या दिराचं खांद्याजवळचं हाड मोडलं. पोलीस आले, गावानं मिटवलं, आणि बांध होता तिथं परत गेला. तो दीर अजून आहे. थंडीत खांदा धरून उन्हाला बसतो. आत्ती त्याच्यासमोरून जाताना 'दुखतंय न्हवं?' असं विचारून पुढं जाते.

गोफण सुताची, तिनंच विणलेली, मधे दगडापुरती वाटी. एक टोक बोटात अडकवायचं, डोक्याभोवती फिरवायची आणि दुसरं टोक सोडायचं. शाळवाच्या कणसात दूध भरलं की पाखरं उतरतात, आणि तेव्हापासून मळणीपर्यंत ती माळ्यावर असायची, म्हणजे शेताच्या मधोमध मेढी रोवून बांधलेल्या मचाणावर. इतर बायका पाखरं उठवायला दगड मारतात. ही पाडायला मारायची. राघू, साळुंकी, व्हला, चिमण्या, बसेल ते. संध्याकाळी माळ्याखालची पाखरं गोळा करून कुत्र्यापुढं टाकायची. कावळा पडला तर त्याचे पाय सुतळीनं बांधून मेढीला उलटा टांगायची, बाकीच्यांना दिसावा म्हणून. कावळा माझ्या माहेरीही टांगतात, पण तिकडं कुठं मेलेला सापडला तर. हिला शोधत फिरावं लागत नव्हतं.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्या हिवाळ्यात ती माळ्यावर बसायची, पण दगड कणसांतच पडायचे. कणसं मोडायची आणि पाखरं तशीच बसून राहायची. त्याचा राग घरी येऊन आमच्यावर निघायचा. ऑपरेशन करू म्हटलं तर म्हणायची सुगी होऊ दे. एके दिवशी जेवताना म्हणाली, आवाज सगळ्यांचे येतात, पण कोण बोलतंय ते कळत नाही. नाव कळलं तर अंदाजानं तरी हाणता येईल.

मी शहापूरला साड्यांच्या दुकानात बिलाच्या काउंटरला असते. माझ्याबरोबर काम करणारी अक्षरा सुट्टीच्या दिवशी तळ्यावर पाखरं बघत फिरते. तिच्या फोनात मी ते ॲप पाहिलं होतं. बटण दाबून फोन धरायचा. जे पाखरू ओरडेल त्याचं नाव आणि फोटो पडद्यावर येतो, आणि ते परत ओरडलं की नाव पिवळं होऊन पेटतं. नावं मराठीतही ठेवता येतात. युवराजच्या जुन्या फोनात मी ते घालून आत्तीला दिलं. ती चौथी शिकलेली आहे, फोन डोळ्याजवळ धरून अक्षर लावून वाचते. पाखरांचं भलं व्हावं म्हणून मी दिलं असं कुणाला वाटत असेल तर तसलं काही नव्हतं. तिला पाखरं मारता यावीत आणि तिनं आमच्यावर खेकसू नये, एवढाच माझा हेतू होता.

फोन घेऊन ती माळ्यावर चढली आणि संध्याकाळी उतरली ती वेगळ्याच रागात. आपल्या शेतात कोण कोण येतं हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, अशी तिची समजूत होती. फोननं संपता संपेनात इतकी नावं दाखवली होती. त्यातल्या निम्म्यांना ती चिमणीच म्हणत आली होती. मग ती माझ्या मागं लागली. हे काय खातं बघ, ते काय खातं बघ. भाकरी भाजता भाजता मी फोनात बघून सांगायचे. मुनिया, दाणे खाते. सुगरण, दाणे खाते. वटवट्या, किडे खातो. गप्पीदास, तोही किडेच खातो.

गप्पीदासाशी ती थांबली. काळंपांढरं, मुठीएवढं पाखरू. ते कणसाच्या शेंड्यावर बसतं, म्हणजे कणीस खातं, असं तिचं जन्माचं मत.

"मग कणसावर कशाला बसतंय?"

"वरनं किडा दिसतो म्हणून."

"मला कुणी सांगितलं न्हाय," ती म्हणाली.

मला वाटलं ताट फेकणार. तिनं ताट नुसतं बाजूला सारलं आणि भिंतीला टेकून बसली. वाईट वाटलं असेल असं मी म्हणणार नाही. तिला फसवलं गेल्यासारखं झालं होतं, आणि फसवणारा कोण ते सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून माळ्यावर कोर्ट बसलं. फोननं नाव सांगायचं, मी काय खातं ते सांगायचं, आणि तिनं निकाल द्यायचा. मारायचं किंवा सोडायचं. सोडलेल्यांची नावं वाढत गेली. राघूला शेवटपर्यंत माफी मिळाली नाही. मेढीचा कावळा वाळून गळून पडला, त्याच्या जागी दुसरा आला नाही. सुगी झाल्यावर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढून घरी आणताना शेताकडच्या तारेवर एक गप्पीदास बसलेला होता. तिनं रिक्षा थांबवायला लावली आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. नाव आधी कळलं, तोंड मागनं दिसलं, असं काहीतरी ती पुटपुटली.

म्हणून ती मवाळ झाली असं समजू नका. त्याच उन्हाळ्यात एक शहरी माणूस एअरगन घेऊन नदीकाठी आला आणि त्यानं भारद्वाज पाडला. आत्तीनं त्याच्या हातातली बंदूक ओढून घेतली आणि ती त्याच्याच पाठीवर मोडली. तो रांगत रस्त्याला लागला. मारकेपणा होता तसाच होता, फक्त त्याचं तोंड दुसरीकडं वळलं होतं.

पावसाळ्यात आमच्या सोयाबीनच्या बांधावर लाव्हा बोलायला लागला. लाव्हा म्हणजे कोंबडीच्या पिलाएवढं, मातीच्या रंगाचं पाखरू. पायाशी असलं तरी दिसत नाही. नर पावसात बोलतो, मादीला बोलवायला. आत्ती चिखलात गुडघे टेकून फोन धरून बसायची. एकदा तिनं त्याचा आवाज नीट धरला, तेवढ्यात टिप्या भुंकला. टिप्या आमचा ठिपक्याठिपक्यांचा कुत्रा. जगात तो फक्त तिचंच ऐकायचा. ते सगळं फोनात उतरलं. आधी लाव्हा, मग टिप्याचं भुंकणं, मग आत्तीचा दबका आवाज, "गप रं टिप्या, गप. तुझं मढं बशिवलं." आणि परत लाव्हा.

हे रेकॉर्डिंग तिनं कुणाकुणाला ऐकवलं नाही ते विचारा. दूधवाल्याला, देवळातल्या बायकांना, बसस्टॉपवर उभ्या असलेल्या परक्या माणसांना. लोक लाव्ह्यापेक्षा शिवीला जास्त हसायचे. तिलाही ते आवडायचं. पुढं त्या लाव्ह्याची पिलं सरीतून ओळीनं पळताना तिनं पाहिली, आणि त्या दिवशी ती घरात आली ती हसत. मला हेवा वाटला, खरं सांगते. तिच्या पोराला तिनं कधी अशा तोंडानं पाहिलेलं मी बघितलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात शाळू परत कणसावर आला. युवराज त्या दिवसांत पहाटेच घराबाहेर पडायचा. कारखान्यात काम वाढलंय म्हणायचा. मी डबा करून द्यायचे. एका सकाळी माझी सुट्टी होती. आत्ती शेतावरून लगबगीनं परत आली आणि मला चुलीपुढून उठवलं. लाव्हा बोलतोय म्हणाली. थंडीत बोलत नाही हे पाखरू, आणि आज थांबायचं नाव घेत नाही, चल बघायला.

आम्ही गेलो. धुकं होतं. टिप्या पुढं चालत होता. बांधावर उभं राहून तिनं बटण दाबलं. लाव्हा हे नाव आलं, पेटलं, विझलं, परत पेटलं. ओढ्याच्या पलीकडच्या पडीक रानातून आवाज येत होता. तिचा चेहरा खुलला. थोड्या वेळानं मात्र तिच्या कपाळाला आठी पडली. हा दम कसा खात नाही, असं ती म्हणाली.

आणि पलीकडं कुत्रं भुंकलं. टिप्या आमच्या पायाशी तोंड मिटून उभा होता.

मग पलीकडच्या गवतातून आत्तीचा आवाज आला. "गप रं टिप्या, गप. तुझं मढं बशिवलं."

आत्ती माझ्या शेजारी उभी होती, तोंड बंद करून. टिप्यानं कान टवकारले, एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा पलीकडं, आणि त्या आवाजाकडं पळत सुटला. तिनं मागून हाक मारली. पुढूनही तीच बोलत होती. तो पुढं गेला. धुक्यात एक धप्प असा आवाज झाला आणि त्याचं केकाटणं अर्ध्यात तुटलं.

ओढा ओलांडून आम्ही पोचलो. गवताच्या कडेनं बारीक जाळं उभं लावलेलं होतं आणि त्यात लाव्हे गुरफटून फडफडत होते. शामू, आमच्याच गल्लीतला, उकिडवा बसून एकेक सोडवत होता आणि अंगठ्यानं मान मोडून खताच्या पोत्यात टाकत होता. सगळ्यांची मोडायची नाही बहुतेक, कारण पोतं हलत होतं. ज्याचा हायवेला धाबा आहे तो गुंडू हातात लोखंडी पहार घेऊन उभा होता. त्याच्या पायाशी टिप्या पडलेला. कवटी फुटलेली, आणि पाय अजून पळत होते. गवतात ठेवलेल्या स्पीकरच्या डब्यातून लाव्हा बोलतच होता. जाळ्याचं दुसरं टोक धरून माझा नवरा उभा होता.

रेकॉर्डिंग घरातल्या फोनातलं. ते कुणी घेतलं असेल हे विचारायची गरजच नव्हती. आईचा फोन कधी कुठं ठेवलेला असतो ते त्याच्याशिवाय कुणाला माहीत असणार.

गुंडू म्हणाला, "मनुआक्का, कुत्रं अंगावर आलं म्हणून..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. आत्तीच्या गोफणीतला दगड तोंडावर बसला. त्यानं ओंजळ तोंडाला लावली तर तिच्यात रक्त आणि दात आले, आणि तो गुडघ्यांवर बसला. शामू पोतं टाकून पळाला. त्याच्या घोट्यावर दगड बसला. तो पडला, उठला, आणि पाय ओढत ओढ्यात उतरला. तिसरा दगड स्पीकरच्या डब्याला. डबा उलटा पडला, घरघरला आणि बंद झाला. मग जाळ्यातली फडफड ऐकू यायला लागली.

युवराजनं जाळं खाली टाकलं. तो घाबरला होता, पण त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला आईसमोर मान वर करून बोलताना पाहिलं.

"पाखरंच तर हायत. तू जलमभर मारलीस न्हवं? तवा तुला कोण बोललं?"

तो खरं बोलत होता. मला तेव्हाही तसं वाटलं आणि अजूनही वाटतं.

"मारली," आत्ती म्हणाली. "पर बोलवून न्हाय मारली."

तिनं वाटीत दगड घातला. मी ओरडले, आत्ती, नको. धुकं होतं, पण आपलं पोर ओळखू येऊ नये इतकं नव्हतं. युवराजनं तोंडासमोर हात धरला. लहानपणापासून तिच्यापुढं असाच धरत आला असणार. दगड त्या हाताच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. उजवा हात होता.

दवाखान्यात मी गाडीवरून पडला म्हणून सांगितलं. गुंडू आणि शामू पोलिसात गेले नाहीत. गेले असते तर पोत्यातली पाखरं निघाली असती आणि जंगल खात्याची केस अंगावर आली असती. युवराजच्या हातात सळी घातली, पण बोटं पुरती मिटत नाहीत. लेथवर उभं राहता येत नाही. कारखान्यानं गेटवर खुर्ची दिली आहे. आईशी तो बोलत नाही. मी बोलले. डाकीण आहेस म्हणून तिच्या तोंडावर म्हटलं, त्या एका वेळेला अगं-तुगं करून. ती कांदा चिरत होती. ऐकलं आणि चिरत राहिली.

त्या सकाळी तिनं जाळ्यातले आणि पोत्यातले जिवंत लाव्हे सोडले. काही उडाले, बरेचसे तिथंच बसून राहिले. टिप्याला तिनं माळ्याखाली पुरलं. त्यानंतर माझ्याकडं तिनं एकच गोष्ट मागितली. फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, ह्यातलं ते पूस. मी पुसलं.

"गेलं?"

"गेलं."

तिनं लांब श्वास सोडला. पाटीवरचं पुसलं की पुसलं, तसं तिला वाटलं असणार. मलाही प्रकरण तिथं संपलं असंच वाटलं. घरात तिघं तीन दिशांना तोंड करून जेवत होतो. तिच्याकडं बघितलं की माझ्या पोटात राग उठायचा, आणि रात्री नवऱ्याच्या हाताला तेल लावताना त्याच्यावरही उठायचा.

नंतर माझ्या माहेरी कोगनोळीत जत्रा आली. आईनं फोन करून विहीणबाईंना घेऊन ये म्हणून सांगितलं. मला आत्तीला न्यायचं नव्हतं, पण माय-लेकरांना एका घरात एकटं सोडून जायला भीती वाटत होती. शेवटी घेऊन गेले. आईनं तिचे पाय धुतले, पाटावर बसवलं. युवराजच्या हाताबद्दल तिकडं सगळ्यांना गाडीवरून पडल्याचंच माहीत होतं. आई म्हणाली, विहीणबाई पहिल्यांदाच जत्रेला आल्या, सौरव उद्या त्यांच्यासाठी काहीतरी खास आणणार आहे. सौरव माझा धाकटा भाऊ, निपाणीला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात असतो. मोठ्या हौसेचा. जत्रा म्हणून आईनं त्याच्या मोटरसायकलीला झेंडूची माळ घातली होती.

सकाळी आत्ती उठून बाहेर पडायला लागली तशी मीही गेले, परक्या गावात कुणावर हात उचलू नये म्हणून. नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. हायवेच्या खालच्या बोगद्यातून आम्ही रानात गेलो. रस्त्याच्या कामाची खडी आणि गोटे बांधाकडेला पसरलेले होते. तिनं फोन काढला. साळुंकी पेटली, व्हला पेटला, टिटवी पेटली. मग लाव्हा. आत्तीच्या ओठांच्या कडेला जरासं हसू आलं, कितीतरी महिन्यांनी. मलाही बरं वाटलं. माझ्या माहेरच्या मातीत लाव्हा बोलत होता.

मग टिप्या भुंकला.

आणि त्याच्या मागोमाग तीच, दबक्या आवाजात, मेलेल्या कुत्र्याला गप करणारी.

आत्ती बांधावर बसली. बराच वेळ ती फोनकडं बघत होती. पडद्यावर लाव्ह्याचं नाव पेटत होतं, विझत होतं. त्या बिचाऱ्या यंत्राला काय कळणार, जिवंत कोण आणि डब्यातला कोण.

"तू पुसलीस न्हवं?"

मी सांगितलं, तुमच्या फोनातलं पुसलं. पण युवराजनं ते गुंडूला पाठवलं होतं, आणखी कुणाकुणाला पाठवलं असेल. त्यांनी पुढं पाठवलं. आता ते निपाणीत असेल, चिकोडीत असेल, कागलकडं असेल. जिथं जिथं लाव्हे धरतात तिथं असेल. तिथलं मला पुसता येत नाही. कुणालाच येत नाही.

ती हळूहळू समजून घेत होती. मग म्हणाली, "म्हंजे मी मेल्यावर बी? माझ्या आवाजावर येत ऱ्हाणार ती?"

मी व्हय म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

तिनं पदर तोंडावर घेतला. दिराचं हाड मोडताना नाही, टिप्याला पुरताना नाही, पोराच्या हातातली सळी बघताना नाही, कधीच न रडलेली बाई माझ्यासमोर हुंदके देत होती. मला तिचा राग होता. तो गेला नाही. पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं आणि ते रागापेक्षा जड होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

लाव्हा बोलतच होता. उसाच्या कडेला, आवाज येत होता त्या बाजूला, मी पाहिलं. एक मोटरसायकल उभी होती. हँडलला झेंडूची माळ. सौरवनं आईला सांगितलं होतं, निपाणीला मटण आणायला जातो. विहीणबाईंसाठी काहीतरी खास म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. संध्याकाळी ते आत्तीच्या ताटात वाढलं जाणार होतं.

आत्तीनंही गाडी पाहिली. काल दारात तिनंच त्या माळेतलं फूल सरळ केलं होतं. तिनं डोळे पुसले, उठली, आणि कमरेची गोफण सोडली. लगेच पुढं गेली नाही. माझ्याकडं वळली.

"तुझा भाऊ हाय," ती म्हणाली. "तू घरला जा."

मी गेले असते तर तिनं मला काही म्हटलं नसतं. आई अंगणात रांगोळी घालत असेल. सौरवची बोटं फोनातले केसाएवढे स्क्रू उचलतात, त्यावरच त्याचं पोट आहे. आणि युवराजची बोटं मी रोज रात्री तेल लावून मिटवायचा प्रयत्न करते. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. पलीकडं उसाच्या कडेला काहीतरी फडफडलं, आणि कुणीतरी हसलं. ते हसू मी ओळखलं.

मी खाली वाकले. खडीतले धारेचे दगड टाकून गोल गोल वेचले, तिला लागतात तसे. तिनं ओचा पसरला.

"डोस्क्याला नको, आत्ती," मी म्हणाले, आणि दगड ओच्यात टाकले.